हिरव्या भुकटीमागं मढपर्यंत

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाचा अंक निघतो. त्यात दरवर्षी कुणीतरी प्रवासाचं लिहितं. मागच्या वर्षी दुबई होतं, त्याच्या आधी बाली. यंदा मला म्हणाल्या, आजी, तुम्ही लिहा. मी म्हटलं, मी बोरिवलीला गेले होते. त्या हसल्या. हसू द्या. मी मुलुंडहून बोरिवली, तिथून मढ आणि मग पार्लं असं तीन दिवस फिरले. पन्नास वर्षं ह्या उपनगरांत काढूनही ठाऊक नव्हतं ते बघून आले. माझी शाळा चौथीपर्यंत. म्हणून पार्ल्याच्या डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते मला जसं कळलं तसंच लिहिते. कुणी बाई शास्त्र शिकलेली असेल तर तिनं चुका काढाव्यात.

निघण्याचं कारण

बोरिवलीला माझी धाकटी बहीण सुमन राहते. तिची सून प्राची. प्राचीचा फोन आला, "मावशी, तुम्ही या. आई ऐकत नाहीत."

"काय ऐकत नाही?"

"काल भाजी घेऊन आल्या तेव्हा एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठे पडली ते त्यांना माहीतच नाही. मी विचारलं तर खाली बघितलं आणि म्हणाल्या, अगंबाई."

सुमनचे पाय वर्षभर बधिर होत चालले होते. आधी बोटं, मग तळवे. डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह नावाचं व्हिटॅमिन फार कमी निघालं. इंजेक्शनं लिहून दिली. सुमननं कागद घडी करून डब्याखाली ठेवला आणि म्हणाली, घेणार नाही. डॉक्टरांनी प्राचीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की उशीर केला तर पाय आहेत तसेच राहतील, पुढे चालणंही जाईल.

हे व्हिटॅमिन मासळीत, मटणात, अंड्यात, दुधात असतं. सुमन ह्यातलं काहीच खात नाही. ते कसं झालं ते सांगते. आठ वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. तेव्हा आम्ही दोघी काशी-गया करून आलो. गयेला गेलं की एक आवडती वस्तू कायमची सोडायची असते. बायका हुशार असतात. कुणी फणस सोडतं, कुणी सीताफळ. मी दोडका सोडला. मला दोडका आवडतो असं मी भटजींना सांगितलं, त्यांनी मान हलवली, काम झालं. सुमन म्हणाली, "मी मासळी सोडते."

मालवणच्या मुलीनं मासळी सोडायची! मी तिथंच घाटावर म्हटलं, "गप गो. वाट लागेल तुझी."

"सोडायचं तर खरं सोडायचं," ती म्हणाली. तिच्या नवऱ्याला सुरमई फार आवडायची. तो खाणार नाही तर मी कशी खाऊ, असं तिचं म्हणणं. मासळीबरोबर मटण आणि अंडी गेली. पुढे सोसायटीत योगाच्या बाई आल्या. त्यांच्या सांगण्यावरून दूधही गेलं. बदल्यात त्यांनी हिरवी भुकटी आणून दिली. शेवाळाची. म्हणाल्या, ह्यात सगळं आहे.

मी पिशवी भरली. दोन लुगडी, पंचा, माझ्या गोळ्या, आणि अर्धा किलो सुका जवळा. जवळा म्हणजे ती बारीक कोळंबी, चिमटीत दहा मावतात अशी. तो मी प्राचीसाठी घेतला असं स्वतःला सांगितलं.

बोरिवली, पहिला दिवस

बसचं काही सांगत नाही. बसून होते, पोचले.

सुमनच्या इमारतीत जिना चढताना फोडणीचा वास येतो तो हिंगाचा आणि कढीपत्त्याचा. आमच्या मुलुंडच्या मजल्यावर बाराच्या सुमाराला कुणाकडे बांगडा आहे आणि कुणाकडे बोंबील ते दार न उघडता कळतं. इथं बहुतेक घरं गुजराती, स्वच्छ, दारात तोरणं. मी पिशवी उचलून छातीशी धरली तरी शेजारणीनं नाक वर केलंच.

सुमन दारात उभी होती. चौकटीला हात लावून. आधी ती अशी उभी राहत नसे. बोलताना दिसली ती जीभ लालभडक, गुळगुळीत झालेली.

"ये ताई. चहा काळाच मिळेल हां."

"दूध माझ्यासाठी आण की."

"ह्या घरात प्राचीसाठी येतं. तू तिचं पी."

स्वयंपाकघरात तिचे डबे बघितले. नाचणी, तीळ, कुळीथ, शेंगदाण्याचं दही. माझ्या घरात माझ्यासाठी कुणी एवढं केलं नसतं. आळशी बाईचं हे काम नाही. तिनं सोडलं ते नेटानं सोडलं, ते मला मान्य करावं लागलं.

अकरा वाजता ती भुकटी आली. पेल्यात दोन चमचे, वर पाणी, ढवळलं की गडद हिरवं. मी म्हटलं, मलाही दे. चव लागली ती पावसाळ्यात हौदाच्या काठावरून बोट फिरवून चाटावं तशी. सुमन मात्र एका घोटात पिऊन मोकळी.

"किती महिने पितेस?"

"दीड वर्ष."

"आणि पाय?"

"पाय वयानं."

"मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. माझ्या तळव्याला खडा टोचला तर मी शिव्या घालते."

ती हसली. मग भुकटीचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे बघ. शुद्ध शाकाहारी. इंजेक्शनाच्या खोक्यावर हा ठिपका नाही. मी औषधवाल्याकडे जाऊन उलटंसुलटं करून बघितलं."

"म्हणून घेत नाहीस?"

"म्हणूनही." आणि डबा उचलून आत ठेवला.

योगाच्या बाईंनी तिला आणखी एक सांगून ठेवलं होतं. भुकटी पुरत नसेल तर समुद्रातलं शेवाळ खा. जपानात भाजीसारखं खातात, त्यात हे व्हिटॅमिन असतं. मी म्हटलं, "ठीक आहे. आपल्याला समुद्र काय नवीन आहे? उद्या मढला जाऊ. तिथल्या माझ्या कोळणीला, हिराबायला विचारू. पण परवा माझ्याबरोबर पार्ल्याच्या नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे यायचं, आणि हे शेवाळ पुरतं का ते त्यांच्या तोंडून ऐकायचं."

"ऐकेन. इंजेक्शन घेईन असं म्हटलं नाही."

"ऐक तर खरं."

संध्याकाळचा स्वयंपाक मी मागून घेतला. सुमन बाहेर टीव्ही बघत बसली. कुळथाची आमटी टाकली. खोबरं-कांदा भाजून वाटण केलं. आणि वाटताना एक चमचा जवळा, भाजून, कुस्करून, त्यात घातला.

ह्याचं समर्थन करायला बसले नाही. मला वाटलं, हिचा हट्ट हिच्या पायांपेक्षा मोठा नाही. तिला कळणार नाही आणि पाय वाचतील. जेवताना तिनं पहिला घास घेतला आणि थांबली. मी ताटात बघत राहिले.

"ताई, आज आमटी झकास झालीय गं. काय केलंस?"

"खोबरं जास्त भाजलं."

तिनं दुसरी वाटी घेतली. प्राचीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

मढ, दुसरा दिवस

वाटेत अंधेरीला एका मोठ्या दुकानात गेलो. तिथं परदेशी खाणं मिळतं असं प्राचीनं लिहून दिलं होतं. नोरी नावाचं शेवाळ पाकिटात मिळालं. काळपट हिरवे कागद, पापडापेक्षा पातळ. दुकानातली मुलगी म्हणाली, "आजी, ह्याच्यात भात गुंडाळतात." मी म्हटलं, आम्ही भात पानावर वाढतो, पान खात नाही. ती हसायला लागली.

वर्सोव्याहून फेरीबोटीनं पलीकडे मढ. चार-पाच मिनिटांचं पाणी, पण उतरलं की गावच वेगळं. जेट्टीवर जाळ्यांचे ढीग, बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील टांगलेले, त्यांची तोंडं एकमेकांत अडकवलेली. मी खोल श्वास घेतला. सुमननं पदर नाकाला लावला, पण नीट लावला नाही. मला दिसलं.

हिराबाय माझी जुनी मैत्रीण. मी पार्ल्याला बिस्किटाच्या कारखान्यात पुडे भरायचे, तेव्हा ती सुटीच्या वेळेला गेटसमोर मासळीची पाटी घेऊन बसायची. आता पाटी तिच्या सुनेकडे गेली. हिराबाय ओट्यावर बसून सगळ्यांना ओरडते.

"इंदे! मेलीस असा वाटला मना."

"अजून नाही. ही माझी बहीण."

"बस गो बाय. सुरमई आयलीय ताजी. थांबा जेवायला."

"ती मासळी खात नाही," मी म्हटलं.

हिराबायनं सुमनकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "दुखना हाय काय?"

"नाही. सोडलीय."

"मंग आमी काय दुश्मन हाव तुजे?" असं म्हणून ती स्वतःच खदखदून हसली. आम्ही कशाला आलो ते मी सांगितलं, तर आणखी हसली. "शेवाल? त्यो पाला? जाल्यान अडकला तं आमी शिव्या देऊन काढून टाकताव. त्यो खायाला तू मुलुंडशी आयलीस?"

पण उठली. बाराच्या सुमाराला ओहोटी होती. गावामागं खडक उघडे पडले होते आणि त्यांवर खरोखरच हिरवं पसरलेलं. भुकटीसारखं गडद नाही, कोवळ्या कोथिंबिरीसारखं, उन्हात पलीकडचं दिसेल इतकं पातळ. खळग्यांतल्या पाण्यात ते हलत होतं. सुंदर म्हणायला हरकत नाही. बारक्या माशांचा घोळका त्याला तोंड लावत होता.

"ह्या मासळीला बी हाच पाला," हिराबाय म्हणाली. "बारकी हा खाते, बारकीला मोठी खाते, मोठीला आमी. पन तू नको खाऊस. तकडं बग, गटाराचा पानी. ह्यो सगला पितो ह्यो पाला."

खरंच, पलीकडून काळा ओघळ येत होता. मी एक झुबका उपटून वास घेतला. समुद्राचा वास, मासळीचाच म्हणा. म्हणजे मासळीचा वास मासळीचा नव्हताच की काय, असं माझ्या मनात आलं. इतकी वर्षं मासळी खाल्ली, पण ती काय खाते हे कधी विचारलं नव्हतं.

चपला घसरतात म्हणून हिराबायनं आम्हाला त्या काढून ठेवायला लावल्या होत्या. सुमन दोन खडक पुढे गेली. वाकून पाणी बघत होती, बोलत होती. "ताई, हे इथलं स्वच्छ दिसतंय बघ. हे घेऊ या का? वाळवलं तर..."

मी तिच्या मागच्या खडकाकडे बघितलं. त्यावर लाल पावलं उमटली होती. एक, दोन, तीन.

खडकाला कालवं चिकटलेली असतात. माणसानं काढून खाल्लं की शिंपला राहतो, त्याची कड वस्तऱ्यासारखी. सुमनचा उजवा तळवा टाचेपासून मधोमध चिरला होता. रक्त पाण्यात उतरत होतं आणि ती मला स्वच्छ शेवाळ दाखवत होती.

"सुमन, हलू नकोस."

"का? काय झालं?"

"तुझ्या पायाकडे बघ."

तिनं बघितलं. तोंडावर दुखण्याची एक रेघ उमटली नाही. तेच वाईट होतं. किंचाळली असती तर मला बरं वाटलं असतं. ती पाय उचलून, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, बघत राहिली.

मी आणि हिराबायनं दोन बाजूंनी धरून तिला ओट्यावर आणलं. हिराबायच्या सुनेनं गोड्या पाण्यानं धुतलं, स्वच्छ फडकं आवळून बांधलं. आता हिराबाय हसत नव्हती. "आमच्यान बी एकाचा पाय असाच झालता," ती म्हणाली. "निखाऱ्यावर ठेवला तवा बी कलला नाय. साकरेचा रोग व्हता त्याला. बाय, तू सादी गोष्ट समजू नको."

जेवणाला आमच्यासाठी तांदळाची भाकरी, वालाची भाजी. मी सुरमईही घेतली, सुमनसमोर, लपवून नाही. मग नोरीचं पाकीट फोडलं. हिराबायनं तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला. "वहीचा कागद. पन खारवलेला." मी दोन कागद खाल्ले. वाईट नव्हते. भाजलेल्या सुक्या मासळीचा भास होतो. सुमननं नाकाशी नेलं आणि ताबडतोब खाली ठेवलं.

"ही मासळीच आहे."

"झाडपाला आहे. पाकिटावर तुझा हिरवा ठिपका पण आहे."

"असू दे. वास मासळीचा. मी नाही खाणार."

मला संताप आला. "म्हणजे मासळी नको, मासळीच्या वासाचा पाला नको, इंजेक्शन नको. मग हवं काय तुला? लाकडाचा पाय?"

तिनं पायावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "आठवतंय, बाबांच्या गिरणीच्या दवाखान्यात आईला इंजेक्शनं द्यायचे? अशक्त झाली होती तेव्हा?"

"हो."

"कशाचं होतं ते?"

मला आठवलं. तांबूस रंगाची बाटली. कंपाउंडर आईला सांगायचा, हे लिव्हरचं आहे, बाई. कलेजीचं सत्त्व. चांगलं रक्त वाढतं. आम्ही दोघी बाकावर बसून ऐकायचो.

"तेच हे," सुमन म्हणाली. "डॉक्टरनं मला सांगितलं, रक्तासाठी आणि नसांसाठी. मला कळतं ताई. जनावराची कलेजी काढून करतात. तोंडानं सोडलं आणि सुईनं आत घेतलं, तर ते सोडणं कसलं?"

म्हणजे इतके दिवस ती गप्प होती ती ह्यासाठी. हट्ट म्हणून नाही. तिचा हिशोब तिच्यापुरता चोख होता. मी माझ्या ताटातल्या काट्यांकडे बघत बसले. मग कालची आमटी आठवली आणि ताट बाजूला सारलं.

पार्लं, तिसरा दिवस

पार्ल्याला स्टेशनबाहेर उतरलं की माझं नाक अजून भाजलेल्या बिस्किटाचा वास शोधतं. तो आता येत नाही. रस्ता तोच, झाडं तीच, म्हातारे लोक कॉलेजच्या मुलांना चुकवत चालतात. आम्ही दोघी रिक्षानं दवाखान्यापर्यंत गेलो, कारण हिराबायनं सुमनला पाय टेकवायला मनाई केली होती. पन्नाशीच्या, पांढरे केस न रंगवणाऱ्या डॉक्टरीणबाई. त्यांनी आधी जखम बघितली. कालच का आला नाहीत म्हणून ओरडल्या, मग टाके घातले. टाके घालताना सुमन पंख्याकडे बघत होती. मग धनुर्वाताचं इंजेक्शन. सुमननं निमूट दंड पुढे केला. ते कशापासून करतात हे तिनं विचारलं नाही. 

मग त्यांनी पायाच्या बोटाला टाचणी लावली. सुमननं डोळे मिटलेले. "टोचतंय?" "नाही." "आता?" "नाही." घोट्याच्या वर गेल्यावर "हो" आलं.

मी म्हटलं, "बाई, ही दीड वर्ष हे पिते," आणि भुकटीचा डबा टेबलावर ठेवला. "ह्यात ते व्हिटॅमिन आहे की नाही?"

"त्याच्यासारखं दिसणारं आहे," त्या म्हणाल्या. "पण बहुतेक तोतया. शरीराला त्याचा उपयोग नाही. ह्या भुकटीत बाकी चांगलं असेल, हे नाही."

"आणि समुद्रातलं?" मी नोरीचं पाकीट काढलं. त्यांना हसू आलं. माझ्या पिशवीत आणखी काय आहे असं त्यांना वाटलं असणार.

"ह्यात खरं असतं थोडंफार. पण शेवाळ स्वतः ते बनवत नाही. कुठलंच झाड बनवत नाही, प्राणीही बनवत नाही. बनवतात जिवाणू. शेवाळाला ते जिवाणूंकडून मिळतं, माशांना शेवाळातून, बकरीला तिच्या पोटातल्या जिवाणूंकडून."

म्हणजे हिराबाय खडकावर बोलली तेच, फक्त एक पायरी खाली.

"मग रोज हे कागद खाल्ले तर?"

"आजी, खाणं एक आणि अंगी लागणं दुसरं. ते पोटातल्या आंबटपणानं अन्नातून सुटावं लागतं. मग पोटातच एक सोबतीण तयार होते, ती त्याला हाताला धरून आतड्याच्या शेवटापर्यंत नेते. तिथं ते रक्तात जातं. वय झालं की आंबटपणा कमी होतो." त्यांनी सुमनचा कागद बघितला. "आणि तुम्ही पित्ताची गोळी रोज घेता? किती वर्षं?"

"सहा-सात," सुमन म्हणाली.

"मग आणखी कमी. तुम्ही उद्यापासून मासे खायला लागलात तरी ह्या घडीला पुरणार नाही. सुटायलाच हवं ना ते माशातून."

हे ऐकून मी खुर्चीत टेकून बसले. एक चमचा जवळा. तिचं व्रत मी मोडलं होतं, आणि तेही फुकट.

सुमननं तिचा प्रश्न विचारला. आई, गिरणीचा दवाखाना, कलेजी. डॉक्टरीणबाई मधे बोलल्या नाहीत, हे त्यांचं मला आवडलं. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. तेव्हा तसंच करायचे. आता मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवतात आणि त्यांच्याकडून घेतात."

"विरजणासारखं?" मी विचारलं.

"दूध सोडून बाकी तसंच समजा. कलेजीचा संबंध नाही."

"खोक्यावर हिरवा ठिपका नाही," सुमन म्हणाली.

"औषधांवर तसा ठिपका नसतो. खाण्याच्या वस्तूंवर असतो."

सुमन त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "ताई, ह्यांना मी आज पहिल्यांदा बघतेय. तू सांग. तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस. तू म्हणालीस की ह्यात जनावराचं काही नाही, तर मी घेते."

एक शब्द पुरला असता. तिचे पाय त्या शब्दावर टांगलेले होते. पण तो माझ्या तोंडून निघेना. निघाला तो दुसराच.

"बोलले मी खोटं. परवा. कुळथाच्या आमटीत जवळा होता."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"किती?" सुमननं विचारलं.

"एक चमचा. वाटणात."

"दोन वाट्या खाल्ल्या मी." तिचा आवाज चढला नाही. "आणि मला आवडली. मी म्हटलं पण तुला, झकास झालीय म्हणून."

"हो."

"आठ वर्षं, ताई."

मी माफी मागितली नाही. मागून काय होणार होतं? जवळा पोटातून परत येत नाही.  बाहेर नंबर पुकारत होते. सुमन म्हणाली, "आता सांग. इंजेक्शनाचं."

"मला ठाऊक नाही गं. मी चौथी शिकलेली बाई. ह्या सांगतात त्यात मला लबाडी दिसत नाही. एवढंच."

तिनं मान हलवली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "द्या. हिला जे सांगायचं नव्हतं ते हिनं सांगितलं. म्हणजे आता खरं बोलतेय."

कमरेत सुई घेतली. एक दिवसाआड आणखी घ्यायची होती, मग महिन्याला, पुढे बहुधा मोठ्या ताकदीची गोळी. ती एवढी मोठी की सोबतिणीशिवायही थोडी आत शिरते. पित्ताची गोळी हवी की नको ते त्या तपासून ठरवणार होत्या. पाय पूर्ण येतील का, असं मी विचारलं. "आधी आला असतात तर हो म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "आता बघू या."

बाहेर रिक्षात बसल्यावर मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो मांडीवर घेतला, स्वतःच्या.

"मुलुंडची बस कुठून सुटते ते ठाऊक आहे ना तुला?"

"आहे."

"प्राची तुझी पिशवी पोचती करेल. त्यातला जवळाही."

परत मुलुंड

दुबईवाल्या बाईंनी परतीच्या विमानाचं पानभर लिहिलं होतं. मी काही लिहीत नाही. घरी आले, भात टाकला, एकटी जेवले.

आल्यावर बरेच दिवस मी विचार करत राहिले. आपल्याकडे सोडण्याला मान आहे. कुणी काय सोडलं हे बायका अभिमानानं सांगतात, आणि सांगावं. पण सोडलं त्याच्या जागी काय ठेवलं हे कुणी विचारत नाही. सुमननं आठ वर्षं एकेक दाणा निवडून खाल्ला, तिला कुणी सांगितलं नाही की एक गोष्ट अशी आहे जी कुठल्याच पाल्यात भरवशाची नाही. योगाच्या बाईंना वाईट म्हणत नाही. त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला कुठं होतं? मला वाटलं होतं, मासळी पोटात ढकलली की झालं. अंक वाचणाऱ्या ज्या बायकांनी काही सोडलंय त्यांनी ते परत धरू नये. फक्त रक्त तपासून घ्यावं, आणि मग डबा, पाकीट काय ते डॉक्टरांसमोर ठेवावं.

प्राची फोन करायची. आईंनी दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. जीभ बरी दिसते. टाके काढले. आई तुमचं नाव काढत नाहीत. मी म्हणायचे, नको काढू दे. इंजेक्शन घेतेय ना?

दोन महिने गेले. मी दुपारी मेथी निवडत होते. फोन वाजला. सुमन. हॅलो नाही, काही नाही.

"मोहरी सांडली."

"कुठे?"

"स्वयंपाकघरात. बरणी निसटली. मी अनवाणी होते."

मी मेथी खाली ठेवली. "मग?"

"डाव्या पायाला टोचली. सगळीकडे नाही. अंगठ्याखाली आणि कडेला."

"उजव्या?"

"उजव्याला नाही. अजून."

 ती अजून माझ्यावर रागावलेली होती, ते तिच्या श्वासावरून कळत होतं. मी म्हटलं, "झाडून घे. घसरशील."

"घेते," ती म्हणाली. "थांब जरा. पुन्हा एकदा चालून बघते."

फोन तिनं ओट्यावर ठेवला असावा. बंद केला नाही. मला तिची पावलं ऐकू येत होती, आणि त्यांच्याखाली सरकणारे दाणे.